ईडिथ पीचीबाई व मुंबईच्या परिचारिका

आपल्या मंडळ्यांत अशी घरे थोडी सापडतील की ज्यांत एखादी आत्या, मावशी, बहीण किंवा सून परिचारिका झालेली नाही. मिरजेस डॉ. वान्लेस ह्यांच्या इस्पितळात १८९७ साली परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले, आणि तेव्हापासून कित्येक पाळकांच्या, उपदेशकांच्या व साध्या शेतकरी विश्वासणाऱ्यांच्या मुली ह्या कामास लागल्या. असे असूनही मुलीस नर्सिंग शिकावयास पाठविण्याचा प्रसंग आला म्हणजे पुष्कळ आईबाप अडखळतात. नर्स म्हणजे डॉक्टरची हरकामी बाई. तिने सांगितले तेवढे करावे, स्वतःचे डोके चालवू नये, असे समजणारे लोक शहरांत आहेत व खेड्यांतही आहेत. डॉक्टर मैलोगणती दूर असता रोग्याच्या उशाशी एकटी बसलेली परिचारिका काय करू शकते, व तिच्या हाती किती ज्ञान आणि किती अधिकार द्यावा, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. ह्या प्रश्नाचा मुंबईत ज्यांनी आरंभी विचार केला, त्यांपैकी एका बाईंचे चरित्र येथे देत आहोत. त्या स्वतः परिचारिका नव्हत्या, डॉक्टर होत्या. आणि डॉक्टर होण्यासाठी त्यांना जे सोसावे लागले ते लक्षात घेतले म्हणजेच परिचारिकांकरिता त्यांनी केलेल्या कामाचे मोल कळते.

मेरी ईडिथ पीची ह्यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८४५ रोजी इंग्लंडातील एसेक्स परगण्यात लँगहॅम नावाच्या गावी झाला. त्यांचे वडील विल्यम पीची हे बाप्तिस्त मंडळीचे पाळक होते. त्यांनी एडिंबरो येथील विद्यापीठात ईश्वरविज्ञानाचा अभ्यास केला होता. आई साराबाई ह्या वकिलाची कन्या; त्यांना ग्रीक भाषा येत असे, आणि त्या काळी ही गोष्ट इंग्लंडातही विरळाच होती. ईडिथबाईंचे प्रथमचे शिक्षण आईबापांजवळ घरीच झाले. गावच्या पाळकाच्या घरी धन नसते, परंतु पुस्तके असतात आणि आजारी माणसांची ये-जा असते, हे आपल्यापैकी ज्यांचे बालपण पाळकगृहात गेले त्यांना निराळे सांगावयास नको. मोठ्या झाल्यावर पोटासाठी त्यांनी मुलांना शिकविण्याची नोकरी धरली व काही वर्षे तीत काढली.

१८६९ साली सोफिया जेक्स-ब्लेक नावाच्या धीट बाईने एडिंबरोच्या विद्यापीठात वैद्यक शिकण्याची परवानगी मागितली. एकट्या बाईकरिता आम्ही वर्ग काढणार नाही, असे उत्तर मिळताच तिने इतर स्त्रियांस हाक दिली. त्या हाकेस ज्यांनी ओ दिली त्यांत ईडिथबाई होत्या. आपल्या ज्ञानाविषयी त्यांना फारसा भरवसा नव्हता. परंतु प्रवेशाची परीक्षा झाली तेव्हा १५२ उमेदवारांत पाच स्त्रिया होत्या, आणि त्यांपैकी चौघी पहिल्या सातांत आल्या! पुढे त्यांची संख्या सात झाली, म्हणून लोक त्यांना एडिंबरोच्या सप्तभगिनी म्हणू लागले.

पुढील वर्षी रसायनशास्त्राच्या परीक्षेत ईडिथबाईंनी प्रथमच परीक्षेस बसलेल्या सर्व पुरुष विद्यार्थ्यांस मागे टाकले. ह्या यशाबद्दल होप नावाची शिष्यवृत्ती मिळण्याचा वहिवाटीने त्यांचा हक्क होता. परंतु स्त्रियांचा वर्ग पुरुषांहून निराळा भरतो, सबब त्या ह्या वर्गाच्या नव्हेतच, असे कारण काढून ती त्यांच्याखालच्या पुरुषांस देण्यात आली. वर्ग निराळा भरविला तो विद्यापीठाने, आणि त्याच निराळेपणाचा दोष आला तो बाईंच्या माथी! वर्तमानपत्रांत ह्या अन्यायाची चर्चा देशभर झाली. परंतु विरोध शमला नाही. १८ नोव्हेंबर १८७० रोजी ह्या बाया शरीरशास्त्राच्या परीक्षेस निघाल्या असता विद्यार्थ्यांच्या जमावाने सर्जन्स हॉलचे फाटक अडविले, त्यांच्या अंगावर चिखल फेकला व शिव्यांचा वर्षाव केला. त्या कशाबशा आत पोहोचून परीक्षेस बसल्या, तोच कोणी एक मेंढी आत ढकलून दिली. मेंढी तशीच आत राहिली आणि परीक्षाही पार पडली.

अखेरीस १८७३ साली स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयाने ठरविले की स्त्रियांस दाखल करून घेण्याचा विद्यापीठास मुळी अधिकारच नव्हता. चार वर्षांचे कष्ट पाण्यात गेले. त्या वादात एक विचार वारंवार पुढे येई, तो वाचकांनी ध्यानात ठेवावा. स्त्रियांनी रोग्यांची सेवा करावी, हवे तर सुईणपण करावे, पण निदान व औषधयोजना पुरुषांकडे असू द्यावी, असे पुष्कळ प्रतिष्ठित लोक म्हणत. म्हणजे सेवा खालची व ज्ञान वरचे. आणि ह्या दोहोंच्या मध्ये एक भिंत. ईडिथबाईंनी ही भिंत एका बाजूने फोडली. पुढे मुंबईत त्यांना ती दुसऱ्या बाजूनेही फोडावी लागणार होती, हे त्या वेळी त्यांना कोठून ठाऊक असणार?

बाई खचल्या नाहीत. बर्मिंगहॅम येथील स्त्रियांच्या इस्पितळात त्यांनी काही काळ काम केले, मग स्वित्झर्लंडात बर्न येथे गेल्या, जर्मन भाषा शिकल्या, आणि १८७७ च्या आरंभी त्या भाषेत परीक्षा देऊन एम.डी. झाल्या. त्याच वर्षी आयर्लंडातील डब्लिन येथील वैद्यांच्या महाविद्यालयाने त्यांना वैद्यकी करण्याचा परवाना दिला. ह्यानंतर सहा वर्षे लीड्स ह्या गिरण्यांच्या शहरी त्यांनी दवाखाना चालविला. तेथे केवळ औषधे देऊन त्या थांबल्या नाहीत. स्त्रियांस आरोग्याची व रोग्यांच्या शुश्रूषेची माहिती देणारी व्याख्याने त्या देत असत. कामकरी लोकांच्या वस्तीत डॉक्टर रोज घरी येत नाही, परंतु घरात शहाणी बाई असली तर पुष्कळ आजार दारातूनच परत जातात, हे ज्ञान त्यांना तेथे चांगले झाले असले पाहिजे.

आता मुंबईकडे वळू. १८८० च्या सुमारास मुंबई हे गिरण्यांनी वाढत चाललेले शहर होते. परळ, लालबाग, भायखळा ह्या बाजूंस गिरण्यांचे भोंगे होत आणि गिरगावात चाळी व वाड्या दाट होत चालल्या होत्या. कोकणातून व देशावरून आलेली कुटुंबे एकेका खोलीत राहत. अशा खोलीत बाळंतीण पडली म्हणजे दारे-खिडक्या बंद करावयाच्या, शेगडी पेटवावयाची, आणि परंपरेची सुईण बोलवावयाची, अशी रीत होती. सुइणींस अनुभव पुष्कळ असे व कित्येकींचा हात हलकाही असे. त्यांची निंदा करणे न्यायाचे नाही. परंतु हात न धुता तपासणे आणि अस्वच्छ हत्याराने नाळ कापणे ह्यामुळे बाळंतिणीस सूतिकाज्वर व अर्भकास धनुर्वात होई. पुरुष डॉक्टरास घरातील स्त्री दाखवावयाची नाही असा हिंदू, मुसलमान व पारशी ह्या तिन्ही समाजांत पुष्कळ ठिकाणी निर्बंध होता. बाई मरणाच्या दारी गेली तरी डॉक्टर उंबऱ्याबाहेरच! इस्पितळे होती, औषधे होती. पण औषध व रोगी ह्यांच्यामध्ये चालत जाईल असे माणूस नव्हते.

ही उणीव जॉर्ज किट्रेज नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्यास व सोराबजी शापुरजी बंगाली ह्या पारशी गृहस्थास खटकली. त्यांनी १८८२ साली हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टर आणण्यासाठी फंड काढला. पेस्तनजी होरमसजी कामा ह्या दानशूर पारशी सद्गृहस्थांनी एक लाखाहून अधिक रुपये स्त्रिया व मुले ह्यांच्या इस्पितळाकरिता दिले, आणि २२ नोव्हेंबर १८८३ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट ह्यांच्या हस्ते इमारतीचा पाया घातला गेला. फंडाच्या चालकांचा आग्रह असा की हे इस्पितळ स्त्री-डॉक्टरांच्याच हाती असावे, त्यांच्यावर पुरुष अंमलदार बसवू नये. ह्या कामास योग्य बाई कोण, असे किट्रेज ह्यांनी इंग्लंडात विचारले तेव्हा डॉ. एलिझाबेथ गॅरेट अँडरसन ह्यांनी ईडिथ पीचींचे नाव सुचविले.

१८८३ च्या डिसेंबरात पीचीबाई मुंबईस उतरल्या. वय अडतीस. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे: त्या मिशनरी म्हणून आल्या नव्हत्या. फंड सर्वधर्मीयांचा होता व धर्मप्रसाराशी त्याचा संबंध नव्हता. कोणी वाचक ह्याबद्दल खेद करील. आम्हास तसे वाटत नाही. पाळकाच्या घरी वाढलेल्या ह्या बाईने परदेशी येऊन परक्यांच्या लेकीसुनांसाठी आपले आयुष्य खर्चिले; तिची नोंद कोणत्या वहीत होते हे आपण ठरवावयाचे नाही.

आल्याबरोबर त्या येथील भाषा शिकू लागल्या. इस्पितळ बांधून होईपर्यंत थांबणे शक्य नव्हते, म्हणून प्रथम दवाखाना उघडण्यात आला. जाफर सुलेमान ह्यांच्या नावाचा स्त्रिया व मुलांचा दवाखानाही त्यांच्या देखरेखीखाली होता. कोणी येईल की नाही अशी शंका घेणाऱ्यांनी पाहिले तो सर्व जातींच्या व धर्मांच्या बायांची रीघ लागली. १८८६ साली कामा इस्पितळ उघडले, आणि त्याच्या मुख्य डॉक्टर म्हणून पीचीबाईंनी कारभार हाती घेतला. त्यांच्या मदतीस डॉ. शार्लट एलॅबी ह्या बाई इंग्लंडहून आलेल्या होत्या. दोनतीन डॉक्टरणी, आणि समोर सारे शहर!

येथे हिशेबाचा प्रश्न उभा राहिला. एक डॉक्टरीण दिवसास किती रोगी पाहील? तिने रात्री वॉर्डात बसावे काय? भेंडीबाजारातील अथवा गिरगावातील घरी जाऊन बाळंतिणीचा ज्वर तिने रोज दोन वेळा पाहावा काय? नव्या डॉक्टरणी तयार होण्यास पाचसहा वर्षे लागतात. ग्रँट मेडिकल कॉलेजाने नुकतेच स्त्रियांस आत घेण्यास आरंभ केला होता. आपल्या मिशनातील गुरुबाई करमरकर ह्या १८९२ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे डॉक्टर होऊन मुंबईस आल्या व अनेक वर्षे राबल्या, पण अशा बाया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणून पीचीबाईंनी कामा इस्पितळात परिचारिकांच्या शिक्षणाची व्यवस्था सुरू केली.

ही गोष्ट आज साधी वाटते, पण त्या काळी तशी नव्हती. पहिली अडचण विद्यार्थिनींची. परक्याचे मलमूत्र काढणे, रक्ताने भरलेली वस्त्रे हाताळणे, कोणत्याही जातीच्या रोग्यास शिवणे, हे काम हलके मानले जाई. ते विधवांनी, गरिबांनी किंवा जातीबाहेरच्यांनी करावे असा समज होता. म्हणूनच आरंभीच्या परिचारिकांत युरोपियन, अँग्लो-इंडियन, पारशी व ख्रिस्ती बायांचा भरणा अधिक दिसतो. ख्रिस्ती मुलीस शिवाशिवीचे बंधन आड येत नव्हते, आणि ज्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याच्या मंडळीत पाय धुण्याची लाज बाळगणे तिला शोभलेही नसते. १८९१ साली बाई काशीबाई गणपत ह्या मुंबईत परिचारिकेच्या शिक्षणास आल्या, आणि शिक्षण घेणारी पहिली भारतीय परिचारिका म्हणून त्यांचे नाव नर्सिंगच्या इतिहासांत नोंदलेले आहे. एका साध्या बाईने टाकलेले ते पाऊल किती धाडसाचे होते, ह्याची कल्पना आज करणे कठीण.

दुसरी अडचण ह्याहून खोल होती. परिचारिकेस शिकवावयाचे काय आणि किती? अंथरूण घालणे, अंग पुसणे, पेज भरविणे, एवढेच शिकविले तर ती दासी होते. परंतु नाडी कशी मोजावी, उष्णतामापक नळी कशी वाचावी, ज्वर चढत आहे की उतरत आहे हे कागदावर कसे मांडावे, रक्तस्राव कोणता नेहमीचा व कोणता प्राणघातक, हात व हत्यारे कार्बोलिकने कशी व का धुवावी, हे शिकविले म्हणजे ती पाहू लागते, तुलना करू लागते, ठरवू लागते. ठरविणारी परिचारिका काही डॉक्टरांस नको असते. पीचीबाईंस स्वतःला एके काळी असेच सांगण्यात आले होते की ठरविणे तुझे काम नव्हे. इतका छळ सोसून वर चढलेले माणूस पुष्कळदा आपल्यामागून शिडी ओढून घेते. बाईंनी ती खाली सोडली, आणि आमच्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी गोष्ट हीच. शिष्यवृत्ती हुकली त्याची कथा लोक अधिक सांगतात इतकेच.

युरोपातील एक घटना ह्या जागी सांगण्यासारखी आहे. व्हिएन्ना शहरातील मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी शिकत. विद्वानांच्या विभागात सूतिकाज्वराने मरणाऱ्या बाया सुइणींच्या विभागापेक्षा कितीतरी अधिक! १८४७ साली सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरास कारण सापडले: विद्यार्थी प्रेते चिरून त्याच हातांनी बाळंतिणीस तपासीत. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. विद्वत्ता व पदवी ह्यांपेक्षा शिकलेला व स्वच्छ हात बाळंतिणीस अधिक उपयोगी पडतो, हे ह्यावरून वाचकांच्या ध्यानी येईल. पदवी निरुपयोगी आहे असा ह्याचा अर्थ नव्हे. सेमेलवाइसही पदवीधरच होता.

इस्पितळाबाहेरही पीचीबाई स्वस्थ नव्हत्या. गिरगावात राहणाऱ्या रखमाबाई ह्या सुतार ज्ञातीच्या तरुणीवर नवऱ्याने नांदावयास यावे म्हणून १८८४ साली दावा केला होता. लग्न झाले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. १८८७ साली न्यायालयाने तिला नांदावयास जा अन्यथा सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम दिला, आणि तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. पुढच्या वर्षी पैसे देऊन तडजोड झाली. ह्या प्रकरणात पीचीबाई तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या, आणि इंग्लंडात जाऊन वैद्यक शिकण्यास त्यांनी तिला उत्तेजन व साहाय्य दिले. रखमाबाई १८९४ साली डॉक्टर झाल्या, आणि परत आल्यावर सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांची सेवा केली. १८९० साली पीचीबाईंनी मुंबईतील हिंदू लोकांपुढे बालविवाहाविषयी भाषणही केले. कोवळ्या वयाच्या बाळंतिणी त्यांच्या वॉर्डात येत होत्या. ह्या विषयावर त्या पुस्तकी ज्ञानाने बोलत नव्हत्या. स्त्री-डॉक्टरास पुरुष डॉक्टराइतके वेतन असावे ह्यासाठीही त्या झगडल्या. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटात त्यांची नेमणूक झाली, ती त्यांच्या कर्तृत्वाची पावती होती.

१८८९ साली त्यांनी हर्बर्ट मसग्रेव्ह फिप्सन ह्यांच्याशी विवाह केला. फिप्सनसाहेब पशुपक्ष्यांचे मोठे अभ्यासक व बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस होते. त्यांचा धंदा मात्र मद्याच्या व्यापाराचा होता. आमच्या दारूबंदीवाल्या वाचकांस हे रुचणार नाही, परंतु चरित्र लिहिणाऱ्याने खरे ते लिहावे. ह्या दांपत्याच्या प्रयत्नाने नाशिकजवळ स्त्रिया व मुलांकरिता आरोग्यधाम निघाले. मुंबईच्या दमट हवेत औषधाने न सुधारणारे रोगी तेथे मोकळ्या हवेत राहू शकत.

मधुमेहाने बाईंची प्रकृती ढासळत चालली होती. १८९४ साली त्यांनी इस्पितळाचे काम सोडले, परंतु खाजगी रोगी पाहणे चालू ठेविले. दोन वर्षे झाली नाहीत तो मुंबईवर महामारी कोसळली. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग उघडकीस आला आणि बघता बघता शहर ओस पडू लागले. सरकारी माणसे घरात शिरत, रोग्यांस उचलून नेत, सामान जाळीत. भयाने लोक रोगी लपवू लागले, प्रेते लपवू लागले. पीचीबाईंनी ह्या संकटात काम केले, आणि अधिकाऱ्यांच्या रीतीत जे चुकत होते त्यावर टीका करण्यास त्या कचरल्या नाहीत. शिपायास जे दार बंद होते ते परिचयाच्या परिचारिकेस उघडत असे. पण अशा परिचारिका किती थोड्या! इंग्लंडहून जहाजाने नर्सा आणवाव्या लागल्या.

ह्या संकटातून मुंबईच्या अधिकाऱ्यांनी थोडेफार शिकून घेतले. विसाव्या शतकाच्या आरंभी नगरपालिकेच्या आरोग्यखात्याने शिकलेल्या परिचारिका नेमून त्यांना चाळींतून गरीब बाळंतिणींकडे पाठविण्यास आरंभ केला. ती परिचारिका जिने चढून जाई, हात धुई, बाळंतपण करी, आईस दूध कसे पाजावे ते सांगे, आणि प्रकरण आवाक्याबाहेरचे दिसले तर रोग्यास इस्पितळात धाडी. आवाक्यातले कोणते व बाहेरचे कोणते, हे ओळखणे हीच तिची खरी विद्या. परळ येथे नवरोजी वाडिया प्रसूतिगृह व के.ई.एम. इस्पितळ १९२६ साली उघडले तेव्हा गिरणगावातील बायांस जवळची जागा झाली.

पीचीबाईंनी हे शेवटचे पाहिले नाही. १९०५ साली पतिपत्नी इंग्लंडास परतली. तेथे स्त्रियांस मताचा अधिकार मिळावा ह्या चळवळीत त्या पडल्या, आणि १९०७ च्या फेब्रुवारीत लंडनच्या चिखलातून निघालेल्या स्त्रियांच्या मोठ्या मिरवणुकीत, शरीर थकलेले असताही, त्या चालल्या. सदतीस वर्षांपूर्वी एडिंबरोत चिखल अंगावर आला होता, आता तो पायांखाली होता. पुढे त्यांना स्तनाचा कर्करोग जडला. १४ एप्रिल १९०८ रोजी फोकस्टन येथे, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्यांनी देह ठेविला.

परिचारिकेस किती अधिकार द्यावा हा प्रश्न मात्र त्यांच्यामागे राहिला. १९०९ साली मुंबई इलाख्यातील परिचारिकांची संस्था निघाली आणि १९३५ साली परिचारिका, सुइणी व आरोग्यभेटी देणाऱ्या बाया ह्यांच्या नोंदणीचा कायदा झाला. तेव्हा कोठे शिकलेली कोण व न शिकलेली कोण हे लोकांस कळू लागले. १९४६ साली भोर समितीने देशाची मोजदाद मांडली ती अशी की, ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर, आणि ४३,००० माणसांमागे एक परिचारिका. वास्तविक परिचारिका डॉक्टरांहून अधिक हव्यात. येथे गाडा उलटाच होता! १९६५ साली अमेरिकेतील कोलोरॅडो येथे लोरेटा फोर्ड नावाच्या परिचारिकेने व हेन्री सिल्व्हर नावाच्या डॉक्टराने मिळून अनुभवी परिचारिकांस अधिक शिक्षण देऊन त्यांनी स्वतः रोगी तपासावा, साधे आजार बरे करावे व कठीण रोगी पुढे पाठवावा अशी योजना काढली. ती पुष्कळ देशांत पसरली. आपल्याकडे अहमदनगर जिल्ह्यात जामखेड येथे १९७० पासून डॉ. रजनीकांत व मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्याने परिचारिका व खेड्यांतील निरक्षर बाया ह्यांच्या हाती आरोग्याचे ज्ञान दिले. २०१८ पासून सरकारने उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी नेमण्यास आरंभ केला आहे. त्यांत पदवीधर परिचारिका असतात, तसेच आयुर्वेदाचे पदवीधरही. गावातील म्हातारीचा रक्तदाब पाहणे, मधुमेह शोधणे, गर्भवतीच्या पायांवरील सूज ओळखून वेळीच तिला वर धाडणे ही कामे त्यांनी करावयाची आहेत. आमच्या पाहण्यात काही गावांतील लोक अजून त्यांच्याकडे जाऊन विचारतात की डॉक्टर कधी येणार?

कामा इस्पितळ आजही त्याच जागी उभे आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री शस्त्रधारी हल्लेखोर त्या इस्पितळात शिरले व गोळीबार करू लागले. गर्भवतींच्या वॉर्डात त्या वेळी रात्रपाळीची एक परिचारिका होती आणि तिच्या हाती वीस बाया सोपविलेल्या होत्या. हुकूम विचारावयास जवळ कोणी नव्हते. तिने वॉर्डाची दारे लावली, दिवे मालविले, आणि त्या वीसही बायांस मागील लहानशा खोलीत नेऊन बसविले. इतक्यात एकीस कळा सुरू झाल्या. तिचा रक्तदाब आधीच वाढलेला होता. तेथे थांबावे तर आई व मूल दोघांच्या जिवास धोका. बाहेर पडावे तर गोळ्या. परिचारिकेने क्षणभर विचार करून तिचा हात धरला, भिंतीस लागून अंधारात एकेक पाऊल टाकीत तिला प्रसूतिगृहापर्यंत पोहोचविले, आणि मग उरलेल्या बायांकडे परतली. त्या रात्री ते मूल सुखरूप जन्मास आले.